कंट्रोलचे केस

“मावशी, कंट्रोलच खराब आलाय,” निलोफर म्हणाली आणि मशीनच्या स्क्रीनकडे बघतच राहिली.

कंट्रोल म्हणजे काय, सांगते. फरीदाबादच्या एका गल्लीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढतात. तिथल्या मुलांच्या केसांत किती शिसं उतरलंय, ते आमच्या कॉलेजची बीएस्सीची पोरं तपासत होती. जास्त की कमी, हे ठरवायला त्या गल्लीशी संबंध नसलेला एक माणूस लागतो. तो कंट्रोल. परभणीहून शिकायला आलेल्या निलोफरने हौसेने स्वतःचेच केस दिले होते. आणि तिचा आकडा त्या मुलांच्या पंक्तीला जाऊन बसला.

“सॅम्पल नीट धुतलं नसशील,” सर म्हणाले. “काढून टाक. स्पर्धेला पोस्टर पाठवायचंय.”

“सर, मावशींसमोर धुतलंय.”

“मग दुसऱ्या कुणाचे घे ना, यार!”

सर वाईट नव्हते, घाईत होते. लॅब सांभाळता सांभाळता मी एवढं शिकले, की मशीनला आपल्या पोस्टरची फिकीर नसते. पोरीला बाजूला घेतलं.

“राहतेस कुठे गं?”

“चांगली कॉलनी आहे, मावशी. खाली मालकांचं ई-रिक्षा चार्जिंग आहे, बस्स.”

“नुसतं चार्जिंग?”

“मागे जुन्या बॅटऱ्या उघडतात. आतल्या शिशाच्या प्लेटा बदलायला. रोज बघत होते मी... पण शिशाची गल्ली म्हणजे ती तिकडची, असंच डोक्यात होतं.”

केसांवर बाहेरची धूळही बसते, म्हणून रक्त तपासलं. रक्तातही तेच. डॉक्टर म्हणाले, आधी खोली सोड.

सामान आणायला मी सोबत गेले. मालकिणीचा गोलू नुकता रांगायला लागलेला. बॅटरीचं काळं झाकण चोखत बसला होता.

“आंटी, गोलू का खून टेस्ट करा लो. मेरे में सीसा निकला है.”

“बेटा, तुम तो कमरा छोड़ दोगी. हम धंधा छोड़ के कहाँ जाएँ?”

निलोफरने झाकण काढून घेतलं. गोलू रडला. आईने परत दिलं.

पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं. कंट्रोल माझा, मेंदी न लावलेले पांढरे केस. निलोफरने आपला आकडा मात्र काढू दिला नाही, वेगळ्या रंगात ठेवला. परीक्षकांनी विचारलं, हा कोण? “मीच,” म्हणाली.

गोलूचा आकडा त्यात नाही. आम्ही पुन्हा गेलो, तर दारच उघडलं नाही.

हल्ली कुणी कंट्रोल द्यायला आलं, की मी आधी विचारते, तुझ्या खोलीखाली काय चालतं?