कानाला पटेल ते ठेव

"आधी असं म्हणून बघ, मग तसं. कानाला पटेल ते ठेव." एवढं बोलून बाई ज्येष्ठमधाची काडी गालात सरकवायच्या आणि फळ्याला टेकायच्या. साडीला खडू लागायचा, पण दुपारपर्यंत त्यांना कशाला तरी टेकावंच लागे.

आमची शाळा नाशिकच्या कडेला, भाजीच्या मळ्यांना लागून. मी चौथीला शिकवायचे, बाई दुसरीला इंग्रजी वाचायला शिकवत. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. त्यामुळे ओ आणि डब्ल्यू शेजारी आले की 'काऊ'मध्ये 'आऊ' म्हणायचं आणि 'स्लो'मध्ये 'ओ', हे मी वर्षानुवर्षं पलीकडून ऐकत आले. एकदा सांगून कुणाला कळत नाही. शनिवारी कळलेलं सोमवारी विसरलेलं असतं. तुम्ही कधी लहान मुलांना वाचायला शिकवलं असेल, तर हा सोमवार तुमच्याही ओळखीचा असेल.

एकदा एका मुलीची आई भांडायलाच आली. मंडईत मेथी-कोथिंबीर विकायची ती.

"बाई, पोरगी म्हणती त्याच अक्षरांचे दोन आवाज. आसं कुठं ऱ्हातं का?"

"तुमच्या कोथिंबिरीला सकाळी अन् संध्याकाळी एकच भाव असतो?"

"नाय बा."

"मग?"

ती हसली आणि जाताना टेबलावर कोथिंबिरीची जुडी ठेवून गेली. बाई मला म्हणाल्या, "हिला कळलं. आता पोरीचं बघू." ते त्या इतक्या थकलेल्या सुरात म्हणाल्या की मला पोरीपेक्षा त्यांचीच काळजी वाटली.

त्यांचा आवाज बसू लागला तो दिवाळीनंतर. आधी सगळ्यांनी हळद-दूध सुचवलं. मग डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, बोलणं कमी करा, नाहीतर उरलाय तोही जाईल. मी म्हटलं, रजा घ्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"रजा घेतली तर वर्ग अर्धवट राहतो गं. अन् शाळेतच सगळा आवाज संपवला, तर घरी यांना काय वाचून दाखवू?"

'यांना' म्हणजे त्यांच्या मिस्टरांना. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका देवळाली कॅम्पात लष्कराच्या ऑफिसात कारकून होते. निवृत्तीनंतर दृष्टी गेली, इंग्रजी पेपरची सवय मात्र गेली नाही. शाळा सुटली की बाई घरी जाऊन त्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवत. टीव्ही लावला की काका म्हणत, "हे ओरडतात फक्त. तू वाच." दिवसभरात त्यांना हवं असायचं ते एवढंच.

बाई मूळच्या देवळ्याकडच्या. लहानपणी वडिलांबरोबर बैलबाजारात जायच्या. तिथे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, तोंडानं कुणी आकडा काढायचं नाही. तेच त्यांनी वर्गात आणलं. 'आऊ'ला एक बोट, 'ओ'ला दोन. मूल अडलं की बाईंकडे बघायचं, बाई बोटं वर करायच्या. असा वाचवलेला आवाज त्या घरी न्यायच्या. पार्टिशनपलीकडून मला आता नुसती मुलंच ऐकू यायची. मला ते अजिबात आवडलं नाही. पलीकडे बाईंचा आवाज कायमचाच गेला की काय, अशी भीती वाटायची.

एवढं करूनही आवाज गेलाच. वर्ग वाचायला लागला आणि बाईंची नुसती कुजबूज उरली. काकांना ऐकूही कमीच यायचं, त्यामुळे घरातला पेपर घडी न मोडता पडून राहू लागला. मग एके दिवशी बाईंनी त्या कोथिंबीरवालीच्या मुलीला घरी बोलावलं. ती तोवर तिसरीत गेली होती. ती मथळे तेवढे वाचायची, तेही ठेचकाळत. बाई खिडकीपाशी खुर्चीत बसून बोटं दाखवायच्या.

काका कुरकुरायचे, "हिच्या वेगानं आजचा पेपर परवा संपेल." पण पाच वाजले की दाराकडे कान लावून बसायचे.

या उन्हाळ्यात बाई गेल्या. आजार गळ्याचाच होता, तो आम्हाला उशिरा कळला. त्या खूप थकल्या होत्या, सुटल्या, असं सगळे म्हणाले. मलाही म्हणावं लागलं.

दिवस झाल्यावर एका संध्याकाळी मी काकांकडे गेले. मुलगी पेपर घेऊन बसली होती. काकांनीच निरोप पाठवला होता म्हणे. मथळा वाचता वाचता ती अडली आणि तिनं सवयीनं खिडकीकडे बघितलं. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे ठेवलेले होते. ती बघतच राहिली.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"बाई..." ती म्हणाली.

मला तो शब्द सांगता आला असता.

मुलीनं शब्दाखाली बोट धरलं. "ग्रेप ग्राऊअर्स," ती हळूच म्हणाली. मान हलवली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "ग्रेप ग्रोअर्स."

"हं," काका म्हणाले. "पुढे वाच."