ज्वाळेला टिकणारं भांडं

सौंदडच्या टिकेश पटले याला लकवा मारला, तेव्हा त्यानं घरीच बनवायला घेतलेलं छोटं जेट इंजिन अर्धंच झालं होतं. ट्रकच्या इंजिनात हवा कोंबणारा, भंगारातला टर्बो होता, त्याला जोडलेले पाइप होते. आग पेटायची मधली जागा मात्र रिकामी होती. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बायको दुर्गेश्वरीनं ते लोखंड गोठ्यात पोत्याखाली झाकलं आणि ती औषधं, मालिश, अंथरूण यांत बुडून गेली.

टिकेश महिनोन्‌महिने छताकडे बघत पडून होता. पुढं पुढं तर तो घासही गिळेना. डॉक्टर म्हणाले, "यांना जगायचंच दिसत नाही."

एका दुपारी भंगारवाला दारात आला. दुर्गेश्वरी इंजिन ओढत अंगणात आणत होती, तोच आतून धडधड ऐकू आली. टिकेश डाव्या हातानं पलंगाची पाटी बडवत होता. तिनं भंगारवाल्याला परत पाठवलं, पेजेचा चमचा भरला आणि त्याच्या ओठांशी नेला. त्यानं गिळला.

दुसऱ्याच दिवशी ती जवळच्या कोहमाऱ्याला भूपेंद्रकडे गेली. त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि तो टिकेशचा दोस्त होता.

"टर्बो ठीक हाय, वहिनी," तो म्हणाला. "पण मधात आगीची नळी लागते. वितळली नाई पाहिजे. तो कायची करणार होता, थे त्यालेच माहीत."

मग घरातलं एकेक भांडं पलंगापुढं येऊ लागलं. अल्युमिनियमचा टिफिन दाखवला, टिकेशनं डोळे मिटले. तुपाचा पत्र्याचा डबा, कुकर, दुधाची बरणी. डोळे मिटलेलेच.

"मंग काय पाहिजे तुमाले? मी कुठून आणू?" असं म्हणून ती भांड्यांतच बसली आणि रडू लागली.

सासू रामकली दाराशी उभी होती. "पोरगा मरून राहिला, आन् तू भांडे दाखवून राहिली?"

दुर्गेश्वरीनं डोळे पुसले. दवाखान्यात चहा न्यायचा स्टीलचा थर्मास तेवढा उरला होता. तिनं तो वर धरला. टिकेशनं पाटीवर हात आपटला.

भूपेंद्रनं थर्मास कापून आतली नळी काढली, तिला भोकं पाडली आणि ती बसवली. टिकेशची खाट अंगणात आणली. गॅस सोडला, धान उफणायच्या पंख्यानं हवा दिली. नळी लाल झाली, वाकली आणि फाटली. ज्वाळा बाहेर आली, दुर्गेश्वरीचं मनगट भाजलं.

"आता बस करा, वहिनी. कायले जीव देता?" भूपेंद्र म्हणाला.

टिकेश मात्र कुंपणापलीकडे हात करत होता. तिनं वीट आणली, कौल आणलं. तो मान हलवत राहिला. शेवटी तिनं त्याच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. पलीकडे राइस मिलच्या भट्टीतली, जळालेल्या तुसाची पांढरट राख पडली होती; भट्टीच्या आगीतही ती वितळली नव्हती. तिनं ती टोपलीभर आणली. टिकेशनं डोळे मिटले नाहीत.

राख कुंभारमातीत मळून तिनं भूपेंद्रनं बनवून दिलेल्या नव्या नळीवर जाड थर दिला, वाळवला, भाजला. पुन्हा गॅस, पुन्हा पंखा. टर्बोचा आवाज चढत गेला. भूपेंद्रनं पंखा काढला तरी इंजिन फिरतच राहिलं. रामकलीनं कान झाकले.

मग काळा धूर निघाला. टिकेशचं तोंड वाकडं झालं, मानेच्या शिरा ताणल्या. "बं... बंद," तो म्हणाला.

भूपेंद्रनं धावत गॅस बंद केला. बेअरिंगचं तेल संपलं होतं. आतला फिरणारा दांडा पार अडकून बसला, टर्बो कामातून गेला.

त्यानंतर टिकेश पुन्हा बोलला नाही. उजवा हात तसाच लुळा आहे, डॉक्टरांना काही फरक दिसत नाही. पण तो जेवतो. दुर्गेश्वरीला आता वेगळीच धास्ती आहे, इंजिन कधी पुरं झालंच तर त्याला जगवायला त्याच्यापुढं काय धरायचं? तरी रोज भूपेंद्र दुकान उघडायच्या आत ती कोहमाऱ्याला पोचलेली असते, भंगारात आलेल्या गाड्यांखाली वाकून दुसरा टर्बो शोधत.