लेवीयातला तो अध्याय

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील कामगार संघटनेची पत्रकं सातपूरच्या कारखान्यांच्या गेटवर वाटायचे, आई रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर सुवार्तेच्या पत्रिका वाटायची. उरलेले गठ्ठे एकाच पलंगाखाली असायचे. मी दोन्हींवर अक्षरं गिरवली. त्यामुळे असेल, पण वाचताना मला पहिल्या ओळीपासून भांडणाचा वास लागतो. कोण कोणावर अन्याय करतोय, ते चटकन दिसतं. पुढे मी छपाईच्या दुकानात अक्षरजुळणी करायला लागले आणि संध्याकाळी कंत्राटी बायकांसाठी, सफाई कामगारांसाठी, पाण्यासाठी पत्रकं लिहायला लागले.

गेल्या वर्षाच्या अखेरीस मी थकले होते. कशाने, ते नीट सांगता येणार नाही. मोर्च्यात घोषणा देत होते आणि घरी येऊन प्रार्थनेला बसले की तीच घोषणा तोंडात यायची. देवापुढेही मी मागण्यांचं निवेदन घेऊनच उभी. म्हणून पाळकसाहेबांनी नव्या वर्षात रोजच्या बायबल वाचनाची योजना जाहीर केली, तेव्हा मी नाव दिलं. कोणीतरी ठरवून दिलेलं वाचायचं, आपण निवडायचं नाही, यात मला विश्रांती वाटली.

आमच्या मंडळीत योजनेची एक पद्धत आहे. एकट्याने वाचायचं नाही, जोडीने वाचायचं. जोडी पाळकसाहेब लावतात. दोघांनी आपापल्या घरी तोच भाग वाचायचा आणि कामाला लागण्याआधी एकमेकांना फोन करून एक गोष्ट सांगायची, काय लागलं मनाला. माझी जोडी लावली ती सातपूर कॉलनीतल्या मावशीशी. ती आयुष्यभर नर्स होती. आता निवृत्त होऊन घरी एकाच रुग्णाची ड्यूटी करत होती. तिच्या नवऱ्याला, काकांना, अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली होती आणि बोलणं इतकं जड झालं होतं की मावशीशिवाय कोणाला कळायचं नाही.

"सलाम, मावशी."

"सलाम. वाचलंस का?"

"वाचलं. पण मावशी, अब्राहामाने हागार दासीला असं पोरासकट हाकलून द्यायला नको होतं."

"त्याला फोन लावून देऊ का तुला?"

असं आमचं चालायचं. मी खटला मांडायची, ती उडवून लावायची. तिच्या बाजूला मागे काकांचं खोकणं, कुकर, नळ. ती भाग मोठ्याने वाचायची, काकांना ऐकू जावा म्हणून. सगळी धडपड त्यांच्यासाठीच होती आणि का, ते मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

काका मंडळीच्या पंचांपैकी होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या स्मरणाच्या भाकरीचं, ताट बाकांमधून फिरवणारे. मंडळीची पूर्ण सभासद झाले त्या, माझ्या दृढीकरणाच्या दिवशी भाकरीचा पहिला तुकडा मी त्यांच्याच हातच्या ताटातून उचलला होता. आजारपणानंतर पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन त्यांच्या घरी गेले, तर काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुन्हा गेले, पुन्हा तेच. ज्या हाताने वाढलं तो हात गेला, आता घेणार नाही, असं त्यांचं म्हणणं मावशीने आम्हाला अर्थ लावून सांगितलं. तेव्हापासून तीही घेत नव्हती. चर्चमध्ये माझ्या शेजारीच बसायची. ताट आलं की माझ्याकडे सरकवायची आणि समोर बघत राहायची. डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका असं सांगितलं होतं. काकांनी प्रभुभोजन घेतल्याशिवाय जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. रोज वाचत गेलं तर कुठेतरी काहीतरी लागेल त्यांना, असं तिने धरून ठेवलं होतं.

फेब्रुवारीत लेवीय लागलं, बायबलातलं नियमांचं पुस्तक. योजनेत नाव दिलेले अर्धे लोक तिथेच गळतात. यज्ञ, चरबी, कातडीचे रोग. मीही पेंगत वाचायची. पण दुसऱ्या दिवशीचा भाग आदल्या संध्याकाळी चाळून ठेवायची माझी सवय होती, आणि एका संध्याकाळी पंचवटीतल्या आमच्या खोलीत, बाहेर गाड्यांचे हॉर्न आणि देवळातल्या घंटा एकदमच चालू असताना, मी खडबडून जागी झाले. याजकांच्या, म्हणजे पुजाऱ्यांच्या, घराण्यात कोणाला व्यंग असेल तर त्याने अर्पण करायला पुढे यायचं नाही, असं तिथे होतं. मग यादी होती. आंधळा, लंगडा, हात मोडलेला, पाय मोडलेला. मी तिथेच पुस्तक मिटलं.

मावशीला फोन लावला. "उद्याचा भाग गाळा."

"का गं? पाळकसाहेबांनी सांगितलं?"

"मी सांगतेय."

"तू कधीपासून बिशप झालीस?"

"मावशी, थट्टा नको. काकांसमोर तर अजिबात वाचू नका. माझं ऐका."

तिने मागचा नळ बंद केला. मग म्हणाली, "हे बघ, कडू गोळी वगळून बाकीच्या द्यायच्या, अशी नर्स मी कधी नव्हते. आणि तू काय वाचलंस ते सांग तरी."

मला ते तोंडातून काढवेना. "अपमान आहे," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून स्कूटी काढली. सिंहस्थासाठी रस्ते खणून ठेवलेले, धूळ आणि वळणं घेत पाळकसाहेबांच्या दारात पोचले. ते बनियनवर, हातात उद्याच्या दफनविधीचा कागद. मी उभ्याउभ्याच सुनावलं. आजारी माणसांच्या घरात असला अध्याय पाठवताना काही वाटत नाही का? तो योजनेतून काढा. ग्रुपवर तसं जाहीर करा. नाहीतर मी पत्रक काढते.

पाळकसाहेबांनी कागद बाजूला ठेवला. ते माझ्याहून थकलेले दिसत होते. "बाई, शंभरदा सांगूनही लोक वाचत नाहीत आणि तू मला न वाचायला सांग म्हणतेस. चहा घेणार?"

मी चहा न घेता निघाले.

सकाळी फोन आला नाही. मी लावला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. दुकानात जायच्या वाटेवरच सातपूर कॉलनी लागते. पहिल्या पाळीच्या बसेस आणि मोटरसायकलींच्या गर्दीतून गाडी काढताना माझ्या डोक्यात एकच चित्र होतं, भिंतीकडे तोंड करून पडलेले काका. आणि ते कायमचंच, अशी भीती.

दार उघडंच होतं. मावशी पलंगाच्या कडेला बसलेली, केस विंचरलेले नाहीत. काकांच्या छातीवर बायबल उघडं पडलेलं आणि त्यावर त्यांचा डावा हात.

"वाचलंत?" मी विचारलं.

"वाचलं. सगळं." तिचा आवाज बसला होता. "लंगडा आला, हात मोडलेला आला, तसं मीच थांबले. म्हटलं, ही म्हणत होती ते बरोबर. पण यांनी गादीवर हात आपटला. पुढे वाच. हजेरी घेतल्यासारखं प्रत्येकाला मान हलवत होते बघ. मला रडू यायला लागलं. तरी पुढे वाच. मग ते आलं."

"काय आलं?"

"तू वाचलं नाहीस?"

मी पुस्तक घ्यायला हात पुढे केला, तर काकांनी ते सोडलं नाही. त्यांच्या हाताखालूनच वाकून वाचावं लागलं. मी जिथे मिटलं होतं, त्याच्या दोनच ओळी पुढे होतं. अशा माणसाने अर्पण करायला यायचं नाही, पण देवाची भाकर त्याने खावी. पवित्र ती खावी आणि परमपवित्र तीही खावी.

"मी विचारलं, खाणार का मग? तर हं म्हणाले." मावशी माझ्याकडे बघत नव्हती, त्यांच्याकडेच बघत होती. "फोन घ्यायला उठले नाही. म्हटलं, उठले आणि यांचं मन बदललं तर?"

मी ती ओळ पुन्हा वाचली आणि तिच्या पुढची वाचली. पुढे पुन्हा तेच होतं. पवित्रस्थानाच्या पडद्याजवळ जाऊ नये, वेदीजवळ येऊ नये. माझ्या आत परत पेटलं. पत्रक एका पानात संपतं, आणि जिथे बाजू सिद्ध झाली तिथे मी थांबते, हे खरं. पण ही पुढची ओळही खरी होती आणि ती मला आजही पटत नाही.

"मावशी, खायला परवानगी आणि जवळ यायला बंदी, हा कुठला न्याय?"

"नसेल न्याय. त्याचं भांडण तू सावकाश कर, मी ऐकेन. आधी पाळकसाहेबांना फोन लाव."

दफनविधी आटोपून पाळकसाहेब दुपारी आले. मी दुकानात रजा कळवली होती. त्यांच्या बुटांना कब्रस्तानातली माती होती. हेल्मेट त्यांनी फ्रिजवर ठेवलं, हात धुतले आणि लहान पेटीतून भाकर आणि प्याला काढला. कालचं काही बोलले नाहीत. मावशीने स्टुलावर धुतलेला टॉवेल अंथरला. काकांच्या पाठीमागे आम्ही दोन उशा लावल्या.

पाळकसाहेबांनी तुकडा अगदी बारीक केला, द्राक्षारसात भिजवला आणि चमच्याने दिला. काकांनी तोंड उघडलं. पहिला घास उजव्या बाजूने बाहेर आला आणि हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं. आता भिंत.

मावशीने पुसलं नाही. "डावीकडून द्या," ती पाळकसाहेबांना म्हणाली. "तिकडे जीभ चालते."

त्यांनी दुसरा तुकडा डावीकडून दिला. तो आत राहिला. मग ते मावशीकडे वळले. तिने आधी पदराला हात पुसले, मग दोन्ही तळवे पुढे केले, घेतलं आणि खाली फरशीवर बसली. मलाही दिलं. पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना सुरू केली. अगदी छोटी होती, पण ते आमेनपाशी येऊन थांबले. काका अजून चावत होते. जबडा हळूहळू, एकाच बाजूने हलत होता. बाहेर दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला, कोणीतरी जिन्यावरून सायकल उतरवली. मावशीने पलंगाच्या लोखंडी पट्टीला डोकं टेकलं होतं, पण नजर त्यांच्या गळ्यावर होती. आम्ही तिघं तशीच थांबलो, आमेन न म्हणता, त्यांनी गिळेपर्यंत.