वाटेत असलेल्या मुलाला माझा फोन

मंडळी, आज सकाळी एका ट्रॅफिक पोलिसाने मला फोनवरच सुनावलं.

मुलगा कर्नाटकातल्या कुवेंपुनगर भागातून स्कूटरने कामावर जातो. मी रोज वाटेतच विचारते, "पोचलास का?" आईचा फोन टाळायचा नाही, हा नियम माझाच. म्हणून तो हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलतो.

आज बोलता बोलता मुलाच्या हातून फोन घेऊन पोलीस कानडीत म्हणाला, "अम्मा, हा बोलता बोलता बसच्या पुढ्यात आला. दंड केलाय. तुम्ही तरी फोन करू नका."

मी हुज्जत घातली. फोन ठेवल्यावर मात्र सवयीने पुन्हा त्याचा नंबर लावला आणि लगेच कापला.

संध्याकाळी मुलाला बजावलं, "गाडीवर असताना माझा फोन उचलायचा नाही."

"मग तू करणार नाहीस ना?"

मला पटकन हो म्हणता आलं नाही. तुम्हाला आलं असतं?