पळसाखाली मी कुठे आहे?

मंडळी, वडिलांच्या हातातून डिजिटल कॅमेरा कसा काढून घ्यावा, हे कुणी सांगेल का?

ओझरच्या एका स्थळासाठी माझा एक फोटो हवा होता. स्टुडिओत जायचं सोडून अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्या रविवारी मला डिंभ्याच्या धरणावर घेऊन गेले. "पळस फुललाय, तिथं फोटो लई भारी येतील," म्हणाले. मी नवी साडी नेसून तीन तास उन्हात उभी राहिले. परतीची एसटीही चुकली.

आज आत्या ते फोटो घेऊन ओझरला गेली. दुपारी तिचा फोन आला, "अगं, झाड सगळ्यांना आवडलं. पण पोरगी कुठंय, असं विचारत्यात."

मी कॅमेऱ्यात पाहिलं. पळस, धरणाचं पाणी, बगळा, पुन्हा पळस आणि बुंध्याशी बोटाएवढी मी.

"अण्णा, माझा चेहरा?"

"झाड मोठं व्हतं, मी काय करू?"

चेहरा दिसणारा एकच फोटो सापडला. एसटी गेल्यावर मी हातवारे करत अण्णांवर ओरडतेय, तो. अण्णांनी मला न विचारता सायबर कॅफेत जाऊन तोच मुलाला ईमेल केला.

मी रडकुंडीला आले. तासाभरात पुन्हा आत्याचा फोन. "मुलाला तो फोटो आवडला. मनातलं तोंडावर बोलणारी दिसती, म्हणाला. रविवारी येत्यात."

आंबा मोहरलाय, म्हणून पाहुण्यांना फोटोसाठी बागेत उभं करायचं, असं अण्णांनी आत्ताच ठरवलंय.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर तुम्ही कसं आवरता?