एका भिंतीचे दोन टीव्ही

टीव्हीवर झळकण्याचं माझं स्वप्न एकेचाळिसाव्या वर्षी पूर्ण झालं, शेजारच्या घरात, आणि ते बघायला मी तिथं नव्हते.

याचं मूळ आमच्या सासूबाईंच्या एका नियमात आहे. धुळ्यात देवपूरला आमची दोन घरं, मधे एकच भिंत. अलीकडे आम्ही. पलीकडे मोठे दीर नाना, जाऊबाई (त्यांना मी ताई म्हणते) आणि त्यांची मुलगी पूजा. सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. त्या शिंदखेड्याकडच्या, बोलणं अहिराणी; जेवायला इकडे, झोपायला तिकडे. त्यांचा नियम असा, की सुनांना जे घ्यायचं ते जोडीनं. मिक्सर दोन, साड्या एकाच रंगाच्या, कुकर एकाच मापाचे.

“एकले जास्ती, एकले कमी, आसं मना घरमा चालाव नही!”

त्यामुळे दिवाळीत टीव्ही आले तेही दोन. एकाच दुकानातून, एकाच मापाचे, हुबेहूब. इंटरनेटची जोडणी मात्र दोघांत एकच. (नियम वस्तूंना होता, बिलांना नव्हता.)

या घरात जोडीशिवाय एकच गोष्ट आली, ती म्हणजे माझं बी.एड. गणिताची पदवी लग्नाआधीची होती. मुलगा पुण्याला शिकायला गेला, घर रिकामं झालं आणि मी प्रवेश घेऊन टाकला. ताईंनी आठवडाभर माझ्याकडची विरजणाची वाटी नेली नाही. अक्कांनी परवानगी दिली ती अटीवर: “शिक माय. पन घरमा काही गडबड व्हयनी तर बंद!”

वर्गात सगळ्या पूजाच्या वयाच्या पोरी. गणिताचं मला भय नव्हतं. भय होतं ते त्या स्मार्ट बोर्डाचं! पोरी नुसतं बोट फिरवून त्यावर वर्तुळ काढायच्या. माझं वर्तुळ निघालं की सर विचारायचे, “हा बटाटा आहे का?” तरी मी हट्टानं शिकत होते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या वेळापत्रकानं जगल्यावर स्वतःचा एक तास मिळतो, तेव्हा तो बटाटा काढण्यात गेला तरी गोड वाटतो. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण ते बी.एड. मला फार हवं होतं.

सोमवारी शाळेत माझा खरा पाठ होता. त्याआधी सरांनी सांगितलं होतं, की घरच्यांना विद्यार्थी करून पाठ घ्या, मोबाइलवर चित्रित करा, मोठ्या पडद्यावर बघा आणि स्वतःच्या चुका लिहून आणा. विषय होता त्रिकोणांची एकरूपता. माझ्या वर्गाचा पट एक. अक्का!

“सांगा बरं, दोन त्रिकोण एकरूप आहेत हे कसं ओळखाल?” मी विचारलं.

“त्यामा काय इतलं! एकवर एक ठेईसन देखानं. बरोबर बठनं तर बठनं.”

“शाब्बास! अगदी बरोबर! तंतोतंत बसला की एकरूप!” (विद्यार्थ्यानं उत्तर दिलं की लगेच कौतुक करायचं, त्याला वेगळे गुण असतात.) “आता रोजच्या जीवनातलं एखादं उदाहरण द्या.”

अक्का खुलल्या. पूजाला बघायला चोपड्याचे पाहुणे येणार होते, डोक्यात दुसरा विषय नव्हताच. “आते तो चोपडाना पोऱ्या. फोटूमा केसच केस शेतस. पन मना भाऊ सांगे, डोकं पार चकचकीत व्हई गयं! त्या पोऱ्याले त्याना फोटूवर ठेईसन देखा, मंग सांगसू, एकरूप शे का नही!”

आणि कौतुकाचे गुण डोळ्यांसमोर ठेवून मी म्हणाले, “शाब्बास! अगदी बरोबर!”

हा भाग कापायला हवा होता, हे मलाही कळत होतं. पण चित्रफीत कापायची कशी, ते पुढच्या आठवड्यात शिकवणार होते.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, आई. वडिलांना सगळे आबा म्हणत होते. केळीचे मोठे बागायतदार, मोजकं बोलणारे. मी पोहे केले, सगळ्यांना दिले आणि बोलणी सुरू झाल्यावर साडीवर सांडलेली हळद धुवायला घरी आले. साडी वाळेपर्यंत पाच मिनिटं होती. म्हटलं, तेवढ्यात आपला पाठ टीव्हीवर बघून घेऊ. मोबाइलवर टीव्हीच्या नावांची यादी आली. एरवी एकच नाव यायचं, आज तेच नाव दोनदा दिसत होतं. मला वाटलं, मोबाइल आग्रह करतोय. मी वरचं दाबलं.

आमचा टीव्ही काळाच. मोबाइलमध्ये चित्र पळतंय, पण आवाज नाही. मी आवाज वाढवला. काही नाही. अजून वाढवला. मग पार टोकापर्यंत नेला! (मोबाइलवरून टीव्हीचाच आवाज वाढतो, हेसुद्धा पुढच्या आठवड्यातलं असावं.)

तेवढ्यात भिंतीतून मला माझाच आवाज आला. “शाब्बास! अगदी बरोबर!”

पुढच्या क्षणी पूजा दारात. “काकू, बंद करा! तुम्ही आमच्याकडे लागलात!”

झालं होतं असं, की नानांनी पाहुण्यांना पूजाचे कॉलेजातले फोटो दाखवायला टीव्ही लावला होता. पूजा हातात पदक घेऊन उभी होती, तिच्या जागी एकदम मी अवतरले. त्यानंतर अक्का. खऱ्या अक्का नवं लुगडं नेसून पाहुण्यांसमोर पाटावर, टीव्हीतल्या अक्का त्यांच्या डोक्यावर, आणि दोघींपैकी एकीलाही गप्प करणं कुणाला जमेना.

मी धावत तिकडे गेले. बंद करण्याच्या नादात मी चित्रफीत पुन्हा सुरुवातीपासून लावली, ती वेगळीच. शेवटी नानांनी भिंतीतली वायर उपटली. मुलगा आल्यापासून डोक्यावर टोपी घालून बसला होता. आता सगळे तिच्याकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होते. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझं बी.एड. तिथंच संपलं. पोरीचं लग्न माझ्या पाठानं मोडलं, तर कुठल्या तोंडानं शिकायचं?

मुलानं टोपी काढली. अक्कांच्या भावाची माहिती अचूक होती.

“फोटो जुना आहे,” तो म्हणाला. “मी घरी सांगत होतो, नवा द्या. आई ऐकेना.”

त्याची आई पोह्यांतले शेंगदाणे मोजायला लागली. पूजानं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “माझी उंची दोन इंच वाढवून लिहिली आहे. आई ऐकेना.”

आता ताईसुद्धा शेंगदाणे बघायला लागल्या.

आबा पहिल्यांदा हसले. “मंग काय! तुमनं बी बठनं नही, आमनं बी बठनं नही. बरोबरी व्हई गयी! चहा आना.”

लग्न ठरलं. पाहुण्यांची गाडी वळली आणि मी शिक्षेची वाट बघत ओट्यापाशी उभी राहिले. अक्का घसा खाकरून म्हणाल्या, “गडबड व्हयनी. पन चांगली व्हयनी. मंग धाकलीनं शिकनं चालू ऱ्हावू द्या.” जरा थांबून त्यांनी ताईंकडे पाहिलं. “आनि धाकली शिकस, तर मोठीनी बी शिकाले पाहिजे. एकले जास्ती, एकले कमी चालाव नही!”

ताई लाजल्या. मग हळूच म्हणाल्या, “मीना, ते टीव्हीवर टाकायचं तेवढं मला दाखवशील? पूजा सासरी गेल्यावर तिचे फोटो मोठे बघता येतील.” एवढी वर्षं आमच्यात सगळं सारखं वाटलं गेलं, पण मला जसं काही स्वतःचं हवं होतं तसं यांनाही हवं असेल, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी त्यांना तिथंच शिकवलं. पूजानं सुचवलं, की दोन्ही टीव्हींना वेगळी नावं देऊन टाकू. अक्का कडाडल्या, “एकनं नाव येगळं, दुसरानं येगळं, कसाले?” नावं राहिली तशीच.

सोमवारचा पाठ छान झाला. बोर्डानं माझं ऐकलं, उचललेला त्रिकोण दुसऱ्या त्रिकोणावर बरोबर बसला, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि सरांना कुठंही बटाटा सापडला नाही. घरी येऊन चहा घेऊन बसले, तर आमचा टीव्ही आपोआप लागला. पडद्यावर ताईंचा मोबाइल! पलीकडे त्या सराव करत होत्या. त्यांच्या टीव्हीवर काही दिसत नसणार, म्हणून कंटाळून बहिणीला निरोप लिहायला लागल्या. दुसऱ्याचा निरोप वाचू नये, मान्य. पण वीतभर उंचीची अक्षरं डोळ्यांत शिरली, त्याला मी काय करणार?

“धाकटी पास होईल बहुतेक,” ताई लिहीत होत्या. “बाई जीव तोडून शिकवते. तिची ती एकरूपता मीही पूर्ण ऐकली. अक्कांनी सांगितली तेवढी समजली.”