खंड्याच्या डोळ्यातली खिडकी

सत्यशीला गजभिये यांच्या स्वयंपाकघराची खिडकी दोन फूट बाय दोन फूट होती. तीस वर्षांत तिच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. खिडकीला दोन लाकडी झडपा, बाहेर उघडणाऱ्या. सकाळी सातला उघडायच्या, दुपारी जेवणं आटोपली की लागायच्या.

सत्यशीलाबाई मूळच्या भंडाऱ्याच्या. अठ्ठ्याहत्तर साली टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या आणि पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये आल्या. कानाला हेडफोन, समोर तारा. "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" हे वाक्य त्या बड्या साहेबाच्या पीएला ज्या आवाजात म्हणायच्या, त्याच आवाजात माहेरी फोन लावून रडणाऱ्या बाईलाही. पुढे एसटीडी आलं, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे बूथ उगवले, ट्रंक कॉल संपले. बाईंना नंबर-चौकशीवर बसवलं. मग मोबाइल आले आणि चौकशीही संपली. खातं पायाखालची एकेक फरशी काढून घेत होतं आणि बाई पुढच्या फरशीवर पाय ठेवत होत्या. दोन हजार चौदा साली वरिष्ठ पर्यवेक्षिका म्हणून त्या निवृत्त झाल्या.

कोथरूडची सुजाता कॉलनी टेलिफोनच्याच लोकांनी सोसायटी करून बांधलेली. छत्तीस बैठी घरं, बरीचशी विदर्भातून आलेली बौद्ध कुटुंबं. बांधली तेव्हा 'एवढ्या लांब राहायला कोण जाणार?' असं पेठेतले लोक विचारत. नंतर तेच लोक आले आणि कॉलनीच्या तिन्ही बाजूंनी टॉवर उभे राहिले. आयटीची पोरं, त्यांच्या बसेस, त्यांचे कुत्रे. टॉवरमधून मोठ्या रस्त्याला जायचा जवळचा रस्ता म्हणजे कॉलनीची गल्ली. टॉवरवाले ती रोज वापरत आणि रोज नाक मुरडत. गल्लीच्या तोंडाशीच नऊ नंबरचं घर होतं सत्यशीलाबाईंचं. त्याची लांबलचक बाजूची भिंत गल्लीकडे, आणि त्या भिंतीत ती खिडकी.

दोन हजार सतराच्या जानेवारीत एका सॉफ्टवेअर कंपनीला समाजसेवेची निकड लागली. मार्चअखेर जवळ आली की कंपन्यांना ती लागते. नीरजा नावाची एक हसतमुख मुलगी हातात फाइल घेऊन दारात आली.

"आंटी, आम्ही तुमची गल्ली ट्रान्सफॉर्म करणार आहोत."

"कशात?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

नीरजाला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. "म्हणजे... छान करणार आहोत."

"आत्ता काय वाईट आहे?"

तेवढ्यात आतून बापूराव आले. बापूराव म्हणजे बाईंचे यजमान. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि घरी कुणी आलं की सणासारखे खुलणारे. त्यांनी मुलीला चहा दिला, तिचं गाव विचारलं, तिच्या आईची तब्येत विचारली आणि तिने पुढे केलेल्या कागदावर न वाचता झोकदार इंग्रजी सही ठोकली. बदल्यात त्यांना एक पिवळा टी-शर्ट मिळाला. पाठीवर लिहिलं होतं 'मी रंग आहे'.

"अहो, काय होतं त्या कागदात?" बाईंनी नंतर विचारलं.

"चित्र काढणार आहेत गं. फुकट."

"फुकट काढणार आहेत म्हणूनच विचारते."

चित्रकाराचं नाव अनिरुद्ध. आयटीतली नोकरी सोडून कलेकडे वळलेला, आणि ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकणारा. भिंतीवर त्याला खंड्या पक्षी काढायचा होता, तीस फुटी. "खंड्या हे आपल्या हरवलेल्या नदीचं प्रतीक आहे," तो म्हणाला.

"हरवली कुठे?" बाई म्हणाल्या. "पुलावर गेलात की वास येतो."

शनिवार-रविवार कंपनीची साठेक मुलं पिवळे टी-शर्ट घालून आली. भिंत खरवडायची, ओल बघायची, हे कुणाच्या मनात आलं नाही. थेट रंग फासला. फोटो आधी निघाले, रंग नंतर वाळला. कॉलनीच्या नावाची निळी पाटीही त्या भरात रंगाखाली गेली. चित्र मात्र देखणं झालं, हे सत्यशीलाबाईंनीही मान्य केलं. निळी पाठ, लाल चोच, पांढरा गळा. आणि डोळा बरोब्बर खिडकीवर. झडपांवरच काळाभोर बुबूळ रंगवलेलं, वर पांढरा ठिपका.

सोमवारी सकाळी सातला बाईंनी सवयीने झडपा ढकलल्या. खंड्याचा डोळा मधोमध फुटून दोन बाजूंना गेला आणि खोबणीत प्रेशर कुकर दिसू लागला.

तासाभरात नीरजाचा फोन. "काकू, खिडकी बंद ठेवता येईल का प्लीज? डोळा उघडा दिसतोय."

"डोळा उघडाच असतो," बाई म्हणाल्या. "झोपलाय का तो?"

"नाही, म्हणजे... बंद केला की उघडा दिसतो ना."

"मग धूर कुठून जाऊ दे? त्याच्या चोचीतून?"

महिन्याभरात गल्लीचं नाव पसरलं. मोबाइलच्या नकाशावर कुणीतरी तिला 'किंगफिशर लेन' करून टाकलं. त्यामुळे कुरिअरवाला सुजाता कॉलनी शोधत मोठ्या रस्त्यावरून तीनदा परत गेला, आणि एका संध्याकाळी दोन गृहस्थ "दुकान किती वाजेपर्यंत असतं?" असं बाईंनाच विचारून गेले. साखरपुडे झालेली जोडपी भिंतीला टेकून फोटो काढायला येत. ज्या टॉवरवाल्यांनी कॉलनीतलं एक घर कधी आतून पाहिलं नव्हतं, ते आता पाहुण्यांना घेऊन येत आणि 'आमची गल्ली' म्हणत. त्यांच्या व्हॉट्सअॅपवर तक्रारही फिरली: पक्ष्याचा डोळा रोज सकाळी सात ते दुपारी दोन फुटलेला असतो, शिवाय त्यातून सुकटीचा वास येतो. वासाचं वाक्य लिहिणाऱ्याने पुढे हात जोडल्याची खूण टाकली होती.

मग टॉवरच्या कमिटीचे अध्यक्ष श्रीनिवास परांजपे स्वतः आले. चप्पल बाहेर काढली, पण आत काही आले नाहीत.

"आपण सुशिक्षित आहात, म्हणून आपल्याशी बोलतो," ते म्हणाले.

"अशिक्षित असते तर काय केलं असतंत?"

परांजप्यांनी घसा साफ केला. "सार्वजनिक सौंदर्याचा प्रश्न आहे. आपण एक्झॉस्ट पंखा बसवून खिडकी कायमची बंद केलीत, तर..."

"आपल्या टॉवरने आमचा दुपारनंतरचा सूर्य बंद केलाय. त्याची खिडकी कुठे उघडायची, ते एकदा कमिटीत विचारून सांगा."

परांजपे चप्पल घालून गेले. बापूराव आतून म्हणाले, "अगं, माणूस दारात आलेला. पाणी तरी विचारायचं."

"आत आले असते तर विचारलं असतं."

बापूरावांचं मात्र मजेत चाललं होतं. रविवारी सकाळी ते 'मी रंग आहे' घालून दारापुढच्या ओट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खंड्याची माहिती देत. ती त्यांना अनिरुद्धने दिली होती. त्यात ते घरची थोडी घालत.

बाईंचा खरा संताप झाला तो मे महिन्यात. योगेश नावाचा एक मुलगा दर रविवारी वीस-पंचवीस माणसं घेऊन 'भिंतींची भटकंती' काढायचा, डोक्याला छोटा माइक लावून. त्या दिवशी बाईंनी झडपा लावून घेतल्या होत्या, उन्हाची झळ येत होती म्हणून. बाहेरून आवाज आला.

"या वस्तीत एक अशिक्षित आजी राहायच्या," योगेश सांगत होता. "अत्यंत गरिबी. पण स्वतः अर्धपोटी राहून त्या रोज या खिडकीतून खंड्याला दाणे घालायच्या. आजी गेल्या. पण तो खंड्या अजून त्यांची वाट बघतोय."

एकीने तर नाक ओढलं.

सत्यशीलाबाई आत तांदूळ निवडत होत्या. क्षणभर त्यांना कळेचना की हे आपल्याबद्दल चाललंय. मग कळलं. ताट खाली ठेवून त्या उठल्या आणि दोन्ही झडपा धाडकन बाहेर ढकलल्या. पंचवीस माणसं मागे सरली. खंड्याच्या डोळ्यातून चष्मा लावलेली एक बाई त्यांच्याकडे बघत होती.

"खंड्या मासे खातो," बाई म्हणाल्या. एक्स्चेंजमधला तो सपाट, स्पष्ट आवाज बऱ्याच वर्षांनी बाहेर पडला होता. "दाणे घातले तर कबुतरं येतात, आणि कबुतरं मला आवडत नाहीत. दुसरं, मी बी.ए. आहे. तिसरं, मी गेलेली नाही. तुमची तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

कुणी वाढवली नाहीत. एका पोराने तेवढ्यात फोटो काढला.

नीरजाला फोन केला तर ती समजुतीने म्हणाली, "काकू, ते स्टोरीटेलिंग असतं. तुम्ही पर्सनली घेऊ नका. ते तुमच्याबद्दल नाहीये."

"मग माझ्या भिंतीवर कशाला?"

"पण काकू, काकांनी सही केलीय. पाच वर्षं भिंतीत बदल करायचा नाही, असं आहे त्यात."

फोन ठेवून बाई बापूरावांकडे वळल्या. ते टी-शर्टाला इस्त्री करत होते. चेहरा पडला.

"मी वाचलं नव्हतं," ते म्हणाले.

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या, आणि कपाटातून पिशवी काढून कॉलनीची कागदपत्रं पसरून बसल्या. सोसायटी टेलिफोन कर्मचाऱ्यांची. सभासद सत्यशीला बापूराव गजभिये. घर नंबर नऊ एकटीच्या नावावर. दारूगोळ्याच्या माणसाची सही टेलिफोनच्या भिंतीला लागू होत नव्हती. हे त्यांनी नीरजाला चार ओळींत लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवलं, एक प्रत परांजप्यांना. खाली पूर्ण नाव आणि हुद्दा.

त्यानंतर त्यांनी धायरीहून संपत गवंड्याला बोलावलं. परवानगीचा कागद आधीच सोसायटीतून आणि वॉर्ड ऑफिसातून करून ठेवला होता; बाईंच्या हातून कागद राहत नसे. संपतने भिंतीवर खडूने चौकोन आखला, पाच फूट बाय चार, आणि मागे सरून बघितलं.

"बाई, डोकं जातंय की पक्ष्याचं. सगळंच."

"जाऊ दे."

"चोच तेवढी ऱ्हाती हाय. ऱ्हाऊ द्यू?"

"तुला आवडली असेल तर राहू दे."

पहिला घाव पडला तेव्हा टॉवरच्या बाल्कन्यांत माणसं गोळा झाली. कुणी चित्रण करत होतं, कुणी "कसली ही मानसिकता!" म्हणालं. परांजप्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली. अकराशे सह्या झाल्या, त्यांतल्या बऱ्याच बेंगळुरूच्या. बापूराव त्या दिवशी घरातच बसले होते. संध्याकाळी संपतचा हात चालेना तेव्हा उठले आणि विटा गोळा करून ओट्यावर नीट रचून ठेवल्या. बाईंनी त्यांना न विचारता दुसरा चहा दिला.

तीन दिवसांत सरकती खिडकी बसली, बाहेर जाळी. खंड्याला मानेवर आता डोकं नव्हतं. नुसती लाल चोच हवेत लटकल्यासारखी पुढे. कॉलनीतली पोरं त्याला 'साहेब' म्हणायला लागली.

आठवड्याने अनिरुद्ध आला. गल्लीत बराच वेळ उभा राहिला. बाईंना वाटलं, आता हा भांडेल, आणि खरं सांगायचं तर याच एका माणसाचं त्यांना थोडं वाईट वाटत होतं. निळा रंग त्याने मनापासून लावला होता. पण तो भांडला नाही. त्याने खिडकीचे चाळीस फोटो काढले आणि डोळे मोठे करून म्हणाला, "काकू, हा केवढा मोठा संवाद आहे! भिंतीनं उत्तर दिलंय!"

"भिंतीनं नाही," बाई म्हणाल्या. "मी संपतला सांगितलं."

ऑगस्टात त्याच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. बापूरावांनी हट्ट केला म्हणून दोघं रिक्षाने गेले. आत वातानुकूलित गारठा आणि कागदी कपातला चहा. समोरच्या भिंतीवर त्यांच्या खिडकीचा भला मोठा फोटो. आत ओट्यावर कुकर, मागे कॅलेंडर, कोपऱ्यात बाईंचा अर्धा खांदा. खाली चिठ्ठी: 'अनामिक हस्तक्षेप, कोथरूड.' समोर उभे असलेले दोघे जण हस्तक्षेपात दडलेल्या हिंसेबद्दल इंग्रजीत बोलत होते.

सत्यशीलाबाईंनी पर्समधून पेन काढलं. 'अनामिक' या शब्दावर एक सरळ रेघ मारली, वर लिहिलं: 'सत्यशीला बापूराव गजभिये, बी.ए., वरिष्ठ पर्यवेक्षिका (निवृत्त).' 'हस्तक्षेप'ही खोडला आणि लिहिलं, 'खिडकी.' तिथली मुलगी धावत आली. "मॅम, तुम्ही आर्टवर्कला हात लावू शकत नाही!"

"चिठ्ठीला लावलाय," बाई म्हणाल्या. "त्यात चूक होती."

पुढच्या वर्षी कंपनीला झाडं लावायची निकड लागली आणि भिंती मागे पडल्या. पहिल्याच पावसाळ्यानंतर ओल वर आली होती. दुसऱ्या पावसाळ्यात खंड्याच्या पोटाचे पापुद्रे सुटले. योगेशची भटकंती डहाणूकर कॉलनीकडच्या कुठल्याशा भिंतीवर गेली. नीरजा हैदराबादला गेली. जाताना बापूरावांना निरोपाचा फोन मात्र तिने आठवणीने केला. कॉलनीने पैसे काढून नावाची नवी पाटी लावली. नकाशावर अजून किंगफिशर लेनच आहे.

रविवारी बापूरावांना करमत नाही. ते ओट्यावर बसून रस्त्याकडे बघतात, आणि चुकून एखादं जोडपं आलंच, तर उठून त्यांना उरलेली शेपटी दाखवतात. बाई आतून ऐकत असतात. बापूराव माहितीत घरची भर घालतात, ती आता बरीच वाढली आहे. नव्या खिडकीतून दुपारपर्यंत उजेड येतो, तांदूळ निवडायला चष्मा लागत नाही. परवा त्यांनी बापूरावांना सांगताना ऐकलं की इथल्या बाईंनी एका रात्रीत स्वतःच्या हाताने भिंत फोडली. दुरुस्त करायला त्या उठल्या होत्या, दारापर्यंत आल्याही. मग ती पोरगी कशी तोंड उघडं टाकून ऐकतेय ते बघितलं, आणि परत जाऊन डाळीला फोडणी दिली.